कुडावरचा चौक आणि संथ चित्रकथा

ज्या कथेत काहीच घडत नाही ती कथा वाचावयाची कशासाठी, हा प्रश्न संथ जपानी चित्रकथांची शिफारस करणाऱ्या माणसास हटकून विचारला जातो. आणि विचारणारा वाचक मराठी असेल, त्याचे बालपण ‘चांदोबा’तील वेताळाच्या कोड्यांत आणि ‘अमर चित्र कथे’तील रणांगणांत गेलेले असेल, तर त्याचे नवल रास्तही असते. जिरो तानिगुची यांच्या 1990 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘चालणारा माणूस’ या मालिकेत एक मध्यमवयीन गृहस्थ उपनगरातील आपल्या घरातून बाहेर पडतो, झाडावर अडकलेले मुलांचे खेळण्यातले विमान वर चढून काढून देतो, एका रात्री कोणी नसताना तलावात पोहून घेतो, चष्मा फुटला तर धूसर दिसणाऱ्या रस्त्यांतून तसाच हिंडतो, आणि मग घरी परततो. त्याला शत्रू नाही, ध्येय नाही, फारसे बोलणेही नाही. असल्या पुस्तकाचे शेवटचे पान मिटल्यावर “बरे, मग पुढे?” असे जो विचारतो, त्याला मी दमणगंगेच्या खोऱ्यातील कुडाच्या भिंतींकडे बोट दाखवतो, कारण काहीच न घडणारी चित्रकथा वाचण्याची अभिरुची आपल्या मुलखाला मुळीच परकी नाही, फक्त ती ज्यांनी जोपासली ते लोक पुस्तके छापणारे नव्हते आणि पुस्तके छापणाऱ्यांनी त्यांच्या भिंती फार उशिरा पाहिल्या.

सुरंगी हे याच खोऱ्यातले, सिल्वासाच्या परिसरातील, जुन्या नगर हवेलीच्या मुलखातील एक गाव. करसवलतींच्या आधाराने गेल्या काही दशकांत या मुलखात जी कारखानदारी उभी राहिली तिची पत्र्याची छपरे आणि वारल्यांचे, कोकण्यांचे, धोडियांचे पाडे येथे एकमेकांना लागून आहेत. पाळी सुटली की रस्त्यावर भोजपुरी, ओडिया, गुजराती आणि मराठी यांची सरमिसळ ऐकू येते, आणि त्या सरमिसळीत वारली बोली कान देणाऱ्यालाच वेगळी काढता येते. मुलूख लहान, दादरा आणि नगर हवेली मिळून अवघे 491 चौरस किलोमीटर; परंतु त्याच्यावर खर्ची पडलेला कागद पाहिला तर एखाद्या मोठ्या संस्थानाला लाजवील इतका.

17 डिसेंबर 1779 रोजी पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात जो तह झाला त्याच्या 17व्या कलमान्वये बारा हजार रुपये महसुलाची गावे दमणलगतच्या मुलखात पोर्तुगीजांस द्यावयाचे ठरले. 1783 आणि 1785 च्या सनदांनी ती गावे त्यांच्या अमलाखाली गेली. आणि 2 ऑगस्ट 1954 रोजी आझाद गोमंतक दलाच्या व इतर स्वयंसेवकांनी, ज्यांत आपल्या भावगीतांचे सुधीर फडकेही होते, सिल्वासा मुक्त केल्यानंतर पोर्तुगालची तक्रार जेव्हा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऐकली गेली, तेव्हा जगातल्या निरनिराळ्या देशांतून आलेल्या न्यायमूर्तींना पेशव्यांनी त्या तहाने सार्वभौमत्व दिले की नुसता महसुलाचा हक्क, याची चिकित्सा करीत बसावे लागले. मराठ्यांनी महसूलच दिला होता, सत्ता दिली नव्हती, पण पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता गृहीत धरली, असा निष्कर्ष 12 एप्रिल 1960 च्या निकालपत्रात नमूद आहे. मधल्या काळात, 11 ऑगस्ट 1961 रोजी भारतात विधिवत विलीनीकरण होईपर्यंत, वरिष्ठ पंचायत नावाची संस्था हा मुलूख चालवीत होती, हेही इतिहासातले एक दुर्मीळ प्रकरण होय. परंतु तह, सनदा, कैफियती आणि निकालपत्रे यांच्या या राशीत त्या गावांतील बाई आवणीच्या दिवसांत चिखलात किती वेळ वाकून उभी राहत होती, तारपा हे वाद्य कोणत्या महिन्यात वाजू लागे, कणगीत भात पडल्यावर घरात काय होत असे, हे शोधू जाल तर महसुलाच्या आकड्यापलीकडे हाती काही लागणार नाही. त्या गोष्टींची नोंद ज्यांनी केली त्यांना अक्षरे येत नव्हती, आणि त्यांनी ती तांदळाच्या पिठाने केली.

वारली समाज सीमारेषा ओलांडून राहिलेला आहे. नगर हवेली, शेजारचे तलासरी आणि डहाणू, जव्हार, आणि गुजरातेतील धरमपूरकडचा डोंगराळ भाग हे सारे एकाच लोकांचे आहे, फिरंगी आणि इंग्रज यांची हद्द त्यांच्या सोयरिकींच्या मधून गेली एवढेच. या समाजात लग्न म्हटले की चौक आलाच. घराच्या आतल्या अंधाऱ्या खोलीची कारवीच्या कुडाची भिंत शेणामातीने सारवून, गेरूचा हात देऊन तयार करावयाची; तांदूळ वाटून त्याचे पाणीदार पीठ करावयाचे; बांबूची काडी एका टोकाला चावून तिचा कुंचला करावयाचा; आणि मग ज्यांचे नवरे हयात आहेत अशा सवाशिणींनी मिळून भिंतीवर चौक लिहावयाचा. चौकोनाच्या कडांना नक्षीच्या पट्ट्या, मधोमध पालघट देवी, शेजारच्या धाकट्या देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव, जवळपास सूर्य आणि चंद्र, एक फणी, एक शिडी. लग्न लावणारी धवलेरीही बाईच. तिची गाणी चालू असतात, भगताच्या अंगात वारे येते, आणि चौक लिहिल्यावाचून लग्न पुरे होत नाही.

एवढे झाले ते विधीचे अंग. पण चौकाच्या बाहेर, त्या चौकोनाच्या चारी अंगांना, भिंत जेथवर पुरेल तेथवर जे लिहिले जाते ते पाहण्यासाठी खाली बसावे लागते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणसाचे धड होते, वर एक वाटोळे डोके, आणि एवढ्याशा सामग्रीतून बाई उखळात कांडते, बाप्या ताडावर चढतो, कोणी पाणी आणतो, कोणी गुरे वळतो, खळ्यावर मळणी चालते, वाघ झाडीतून जातो पण कोणाला खात नाही, वऱ्हाड निघते, मुंग्यांची रांग लागते, आणि तारपकऱ्याभोवती हात धरलेल्या माणसांची साखळी गोल गोल आत वळत जाते. यांपैकी कोणतीही गोष्ट दुसरीचे कारण नाही. नायक कोणीच नाही. नवरानवरी घोड्यावर बसलेली दिसतात खरी, पण पाणी आणणाऱ्या बाईपेक्षा ती मोठी काढलेली नाहीत. सकाळ कोठे आणि संध्याकाळ कोठे तेही सांगता यावयाचे नाही, कारण सूर्य आणि चंद्र दोघेही हजर आहेत. खोलीत उजेड बेताचा असतो, दिव्याच्या प्रकाशात एका वेळी भिंतीचा एकच तुकडा दिसतो, आणि डोळा त्या तुकड्यावरून पुढच्या तुकड्यावर आपल्या गतीने जातो.

पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी परंपरा जाणणाऱ्यास येथला फरक लगेच कळेल. चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांचे कागद एकामागून एक धरतो, प्रत्येक कागदागणिक कथा पुढे सरकते, आणि ऐकणाऱ्याचे लक्ष राक्षस केव्हा मरतो याकडे लागलेले असते. महाराष्ट्रातील छापील चित्रकथाही याच चालीने आली. ‘चांदोबा’ 1952 मध्ये मराठीत आला, ‘अमर चित्र कथा’ 1967 मध्ये सुरू झाली. दोन्हींनी पुष्कळ पिढ्यांना वाचनाची गोडी लावली आणि दोन्हींनी चित्रातल्या गोष्टीत काहीतरी घडलेच पाहिजे असे त्यांच्या मनावर बिंबविले. शि. द. फडणीस यांची शब्दांवाचून हसविणारी चित्रे हा या बाबतीत एक प्रसन्न अपवाद, परंतु ती एकेकटी चित्रे. त्यांची मालिका होऊन तीत कोणी एक गृहस्थ दहा वर्षे नुसता राहिला, जेवला आणि भाजी आणावयास गेला, असे मराठीत झाले नाही.

स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकथाकाराने 1993 साली चित्रकथेच्या व्याकरणावर एक ग्रंथ काढला, त्यात एका चौकटीतून दुसरीत जाण्याचे सहा प्रकार त्याने लावून दाखविले आहेत. क्षणातून क्षणात, कृतीतून कृतीत, प्रसंगातून प्रसंगात असे ते प्रकार; त्यांतला एक असा की ज्यात काळ पुढे जात नाही, केवळ एकाच जागेच्या निरनिराळ्या अंगांवरून दृष्टी फिरते: पाऊस, छपराची कड, रिकामी बाज, चुलीवरचे भांडे. पाश्चात्त्य चित्रकथांत हा प्रकार क्वचितच आढळतो आणि जपानी चित्रकथांत तो वारंवार भेटतो, असे त्याचे निरीक्षण आहे. ते वाचताना माझ्या मनात आले, या गृहस्थाला एखाद्या पाड्यावरच्या लग्नाला नेले असते तर त्याला त्या प्रकाराची एक अख्खी भिंत मिळाली असती.

आता येथे एका गैरसमजाचा बंदोबस्त केला पाहिजे. चौकातील जग शांत दिसते म्हणून ते जगणारी माणसे सुखात होती असे मानणे हा शहरी पाहुण्याचा दोष आहे, आणि तो मी पुष्कळ विद्वानांच्या लेखनातही पाहिला आहे. ज्या लग्नासाठी चौक लिहिला जाई त्या लग्नाचा खर्च भागविण्याकरिता ठाणे जिल्ह्यातील वारली जमीनदाराकडून रक्कम उचलीत असे आणि तिच्या मोबदल्यात वर्षानुवर्षे, पुष्कळदा बायकोसकट, त्याच्या घरी राबत असे; अशा माणसाला लग्नगडी म्हणत. वेठ तर सर्वांनाच होती. 1945 पासून गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी या दोन्ही प्रथांविरुद्ध जो लढा दिला त्याची हकीकत गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे, आणि चौकाविषयी कौतुकाने बोलणाऱ्या प्रत्येकाने ते आधी वाचावे असे माझे मत आहे. हद्दीच्या अलीकडे, नगर हवेलीत, इंग्रजांऐवजी पोर्तुगीजांचा कायदा होता; तेथे अल्वारा नावाच्या पट्ट्यांनी मोठमोठ्या जमिनी थोड्या लोकांच्या हाती गेल्या, आणि त्या वहिवाटीचा कायद्याने निकाल लावण्यास मुक्तीनंतरही 1971 चे जमीन सुधारणा विनियम यावे लागले. मग या माणसांनी भिंतीवर जमीनदार का काढला नाही, चाबूक का काढला नाही? त्यांना तो ठाऊक नव्हता असे नव्हे. लग्नाच्या खोलीत कोणाला जागा द्यावयाची हे ठरविण्याचा अधिकार तेवढा त्यांच्याकडे उरला होता आणि तो त्यांनी वापरला, असे मी समजतो. मंद गतीच्या चित्रातली शांतता ही पुष्कळदा अशी निवडलेली असते, आणि जपानी पुस्तकांकडे वळताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

चौक टिकत नाही. दप्तराला जतन करण्याची वहिवाट असते, भिंतीला सारवण्याची. पुढचे सारवण आले की आधीचे लग्न त्याखाली जाते, आणि म्हणून या चित्रांचे वय काढू पाहणाऱ्यांच्या हाती जुनी भिंत सहसा लागत नाही. ती कागदावर आली ती 1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. बिहारच्या 1966-67 च्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला मिथिलेत पाठविले होते, तेथल्या बायकांना भिंतीवरची चित्रे कागदावर काढावयास लावून त्यांच्या हाती दोन पैसे यावेत म्हणून. तेच कुलकर्णी पुढे डहाणूकडे आले, आणि गंजाडच्या कळंबीपाड्यावर त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. आईच्या मृत्यूनंतर लहानपणी बोलणे सोडून धुळीत चित्रे काढू लागलेला हा मुलगा मोठेपणी, बायकांचे म्हणून समजले जाणारे हे काम, लग्नाच्या निमित्तावाचून रोज करीत बसे. 1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड दालनात त्यांची चित्रे लागली, 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 2011 मध्ये पद्मश्री. 2018 च्या मे महिन्यात ते वारले. म्हसे यांच्या कागदावर चौक गळून पडला, देवता मागे सरल्या, आणि चौकाबाहेरची ती माणसे, ती गुरे, ते मासेमारीचे जाळे, यांनी सगळी जागा घेतली. संथ जीवनाचे चित्र विधीपासून सुटून स्वतंत्र झाले ते येथे. लाभ मोठा झाला यात शंका नाही. मात्र ज्या सवाशिणींनी पिढ्यान्‌पिढ्या ही लिपी सांभाळली त्यांची नावे कोणी विचारली नाहीत आणि कागदावर सही आली ती बहुतेक पुरुषांची, हा हिशेब अजून बाकी आहे.

मिथिला आणि वारली या दोन्ही परंपरा पुढे ज्या एका छपराखाली एकत्र आल्या ते छप्पर जपानात असावे, हा योगायोग मात्र मला मोठा मनोज्ञ वाटतो. निगाता प्रांतात तोकामाची नावाचे गाव आहे. तेथे हिवाळ्यात पुरुषभर उंचीचे बर्फ पडते. त्या गावाच्या डोंगराळ भागात मुले कमी होऊन बंद पडलेल्या एका शाळेत तोकिओ हासेगावा यांनी 1982 साली मिथिला संग्रहालय सुरू केले, आणि भारतातून चित्रकारांना बोलावून, महिनोन्‌महिने ठेवून घेऊन, त्यांच्याकडून मोठमोठी चित्रे करून घेतली. म्हसे आणि इतर वारली चित्रकार तेथे राहून आले. दूरच्या बर्फात बसून घरच्या आवणीचे चित्र काढणाऱ्या माणसाच्या मनाची अवस्था काय होत असेल, याचा विचार करताना 2001 साली त्याच संग्रहालयात मध्य प्रदेशचे थोर गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांनी आपले जीवन संपविले ही गोष्ट विसरता येत नाही. शांत चित्र शांत मनानेच निघते असा नियम नाही.

जपानी चित्रकथेच्या पूर्वजांत बाराव्या-तेराव्या शतकातल्या चित्रगुंडाळ्या मोजतात, होकुसाईचे 1814 पासून छापले गेलेले रेखाचित्रांचे खंडही मोजतात, ज्यांत न्हाणारे, जांभया देणारे, ओझी वाहणारे सामान्य लोक पानोपानी भरले आहेत. परंतु ज्याला आपण घरगुती संथ चित्रकथा म्हणू तिचा खरा आरंभ मी 1946 च्या एप्रिलमध्ये धरतो. पराभूत, जळालेल्या देशात फुकुओकाच्या एका सायंदैनिकात माचिको हासेगावा या तरुण बाईने ‘साझाए-सान’ नावाची चार चौकटींची मालिका सुरू केली. एक चळवळी गृहिणी, तिचे आईबाप, धाकटी भावंडे. धान्याची टंचाई, शिधावाटपाची रांग, जुने कपडे उलटून शिवणे. मालिका पुढे ‘असाही’ या मोठ्या दैनिकात गेली आणि 1974 पर्यंत चालली. तिच्यावरून 1969 मध्ये सुरू झालेली चलच्चित्रमालिका आजही चालू आहे. युद्धाच्या राखेवर ही लोकप्रिय गोष्ट उभी राहिली ती कोणत्या वीराची नव्हे तर स्वयंपाकघराची, हे वाचकाने विचारात घ्यावे.

ह्याच सूत्राचे परिणत रूप फुमियो कोनो यांच्या ‘जगाच्या या कोपऱ्यात’ या 2007 ते 2009 च्या दरम्यानच्या कथेत दिसते, आणि मला एकच पुस्तक सुचवावयास सांगितले तर मी हेच सुचवीन. हिरोशिमाची सुझू नावाची मुलगी 1944 मध्ये कुरे या नौदलाच्या बंदरात लग्न होऊन येते. शेकडो पाने ती काय करते? तांदूळ पुरत नाही म्हणून तो फुगविण्याच्या युक्त्या करते, बांधावरचे तण भाजीत घालते, किमोनो उसवून कामाचे कपडे शिवते, आणि फावल्या वेळात चित्रे काढते. युद्ध आकाशातून जात असते. मग एका स्फोटात तिचा उजवा हात जातो, चित्र काढणारा. आणि तेथून पुढे पुस्तकातील पार्श्वभूमीची चित्रे कोनो यांनी स्वतः डाव्या हाताने काढली आहेत, थोडी वेडीवाकडी, थोडी हेलकावणारी. एवढी मोठी गोष्ट लेखिकेने एका शब्दाने सांगितलेली नाही. सावकाश पाहणाऱ्यालाच ती दिसते. भराभर पाने उलटणाऱ्यास छपाई बिघडली असे वाटेल.

हितोशी आशिनानो यांची 1994 ते 2006 पर्यंत चाललेली योकोहामाच्या खरेदीसफरीची कथा नगर हवेलीच्या वाचकास एका वेगळ्या कारणाने जवळची वाटावी. समुद्र वर चढला आहे, शहरे बुडाली आहेत, माणसे उतरणीला लागली आहेत, आणि आल्फा नावाची एक यंत्रमानव मुलगी रस्त्याकडेचे एक कॉफीगृह चालविते, ज्याला आठवड्यात एखादे गिऱ्हाईक येते. बुडालेल्या गावाचे रस्त्यावरचे दिवे संध्याकाळी पाण्याखाली अजून लागतात, आणि ते पाहावयाला ती टेकडीवर जाते. दमणगंगेवर मधुबन धरण झाले तेव्हा ज्यांची शेते आणि पाडे पाण्याखाली गेले त्यांच्या नातवंडांना हे पान समजावून सांगावे लागणार नाही.

दाइसुके इगाराशी यांची ‘लहान रान’ ही 2002 ते 2005 मधली कथा शेतीची: इचिको नावाची मुलगी शहरातून परतून ईशान्येकडच्या डोंगराळ वस्तीत एकटी राहते, भात लावते, अक्रोड वेचते, तण काढते, आणि प्रत्येक प्रकरणात एक पदार्थ करते. इगाराशी स्वतः तशा गावात राहून शेती करीत होते, त्यामुळे विळ्याची पकड चुकलेली नाही. राब भाजणे, नागलीची रोपे लावणे, पावसात इरले घेऊन वाकणे ज्याने पाहिले आहे त्याला या चित्रांतला घाम ओळखू येतो. काओरु मोरी यांची 2008 पासून चाललेली मध्य आशियातील नववधूंची कथा भरतकाम, लाकडावरचे कोरीवकाम आणि लग्नाचे रीतिरिवाज यांच्यावर पानेच्या पाने खर्ची घालते. चौक लिहिणाऱ्या सवाशिणींच्या हातात ती दिली तर त्यांना त्यातल्या बायकांची घाई मुळीच नसलेली बोटे आवडतील. घरात लहान मूल असेल तर कियोहिको आझुमा यांची ‘योत्सुबा’ घ्यावी. पाच वर्षांची मुलगी, तिचे वडील, शेजारी, पाऊस, झोका, बस्स.

एक आक्षेप मला स्वतःलाच सुचतो आणि तो सौम्य करण्याची माझी इच्छा नाही. जपानात या प्रकारच्या कथांचा आता एक धंदा झाला आहे. थकलेल्या नोकरदाराच्या मनाला आराम पडावा म्हणून बेतलेली, गोड चेहऱ्याच्या मुलींनी भरलेली, एकीसारखी दुसरी अशी पुस्तके तेथे ढिगाने निघतात, आणि वारली चित्राचे आपल्याकडे जे झाले तेच हे आहे: चहाच्या कपावर, पडद्यावर, हॉटेलाच्या दर्शनी भिंतीवर तेच तारप्याचे वेटोळे, काढणाऱ्याला तारपा कशाचा करतात हेही ठाऊक नसलेले. दुधी भोपळा आणि बांबू यांचा तो होतो, आणि तो वाजविणाऱ्याने एकदा तोंडाला लावला की मध्ये थांबू नये असा त्याचा शिरस्ता आहे. जी संथता कशातून तरी, टंचाईतून, वेठीतून, बुडालेल्या गावातून निभावून आलेली असते ती घ्यावी आणि जी कारखान्यात भरून येते ती सोडावी, एवढा विवेक वाचकाने ठेवला तर पुरे. दहा पाने वाचली की दोहोंतला भेद कळतो.

यांपैकी बरीचशी पुस्तके इंग्रजी भाषांतरात मिळतात. ती बहुतेक उजवीकडून डावीकडे वाचावयाची असतात, ते एका दिवसात अंगवळणी पडते. एका बैठकीत एकाहून अधिक प्रकरण वाचू नये. शब्द नसलेल्या पानावर शब्द असलेल्या पानापेक्षा जास्त वेळ थांबावे, पार्श्वभूमीतील भांडी, चपला, हवा पाहावी, आणि “पुढे काय?” हा प्रश्न मनात उठला तर पान मागे उलटावे. सुरंगीच्या आणि तिच्या भोवतालच्या गावांतील जी तरुण मुले-मुली आज कागदावर वारली चित्रे काढून विकतात त्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या आजीने भिंतीवर जे एका नजरेत मांडले ते तुम्ही पानांवर, चौकटीचौकटींनी मांडून पाहा: पाळीवर जाणारी सायकल, धरणाचे पाणी, कारखान्याच्या भिंतीला लागलेले भाताचे खाचर, आणि संध्याकाळी चुलीशी बसलेली बाई. जमीनदाराला जागा द्यावयाची की नाही ते तुम्हीच ठरवा. मराठीत असे पुस्तक झाले तर त्याचे पहिले गिऱ्हाईक मी होईन.